नागमोडी पट्टा

फेब्रुवारीत इशपेमिंगला कुणी हौसेनं गाडी काढत नाही.
शटर अर्धं वर गेलं, बर्फाची भुकटी आत आली
आणि मागोमाग अर्लीन निएमीची ब्यूक, किंचाळत.
इंजिन बंद करायच्या आधीच काच खाली:
"किती?"

"आधी बघू तर दे."
"आकडा सांग. मग ठरवते
तुला किती बघू द्यायचं."

बॉनेट उघडलं, टॉर्च दातांत धरला.
पट्टा एकच, साडेसहा फुटांचा, नागमोडी,
एकीच्या पोटाखालून दुसरीच्या पाठीवर,
बॅटरी भरणारा, पाणी फिरवणारा,
तिच्या मनगटांसाठी स्टिअरिंग हलकं ठेवणारा.
आतून भेगा, टाचेला पडतात तशा.
एवढंच असतं तर निभावलं असतं.
पण ताण धरणारी पुली बोटानं हलवली
तर हलली, पडायला आलेल्या दातासारखी.

जुन्या पावतीच्या पाठीवर लिहिलं:
पट्टा बेचाळीस.
पुली शहाण्णव.
मजुरी एकशे दहा. या आकड्याकडे
मी स्वतःही सरळ बघत नाही.
त्यात हे छप्पर आहे, हीटरचं तेल आहे,
आणि थंडीत मिटेनाशी झालेली ही दोन बोटं.

तिनं माझीच पेन्सिल घेतली, भागाकार केला.
"साडेपंधरानं. बरोबर सोळा तास.
दोन रात्री, वेंडेल.
म्हणजे म्हाताऱ्या कांगसला आठ वेळा
या कुशीवरून त्या कुशीवर.
दर वेळी विचारतो, गाडी आली का.
मी म्हणते, येतेय. त्याचे पैसे नाहीत."
पेन्सिल परत ठेवली.
"नुसता पट्टा घाल."

घालता येतो.
नवा पट्टा, जुनी पुली; एप्रिलपर्यंत ती त्याला खाऊन टाकेल.
अशा वेळी माझा बाप साबण काढायचा.
पिवळी वडी, फिरत्या पट्ट्याला हलकेच टेकवली
की गाडी गप्प.
गिऱ्हाईक खूश, बाप त्याहून खूश,
आणि आठवड्यानं नेगॉनीच्या चढावर
तोच दोर घेऊन कुडकुडत जायचा, फुकट.
आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं
असं त्याला मरेपर्यंत वाटत राहिलं.
साबण अजून आणतो मी. हात धुवायला.

मागच्या आवारात एक ब्यूक पडून आहे,
हरणाला धडकलेली. तोंड गेलंय,
पण पुलीच्या बाजूला ओरखडाही नाही.
गुडघाभर बर्फ, गोठलेला बोल्ट,
एक शिवी बापाच्या नावानं, एक हरणाच्या.

दुपारी तिनं पावती वाचली. ओळ न् ओळ.
"पुली?"
"हरणानं दिली."
हसली नाही. "मजुरी पूर्ण लावलीस?"
"पूर्ण."
"मग ठीक." नव्वद मोजून ठेवले.
"बासष्ट राहिले. वहीत लिही, मनात नको."
जुना पट्टाही मागून घेतला,
कचऱ्याच्या पिंपाचं झाकण बांधायला;
अस्वलं उठायला आता फार दिवस नाहीत.

गॅरेजच्या वरच माझी खोली.
थँक्सगिव्हिंगपासून रोज पहाटे पाच चाळीसला
चौकातून ती किंकाळी यायची
आणि मी झोपेतच म्हणायचो, सुटली अर्लीन,
अजून तासभर पडायला हरकत नाही.

आज पाच पन्नास झालेत.
रस्ता गप्प आहे, मीच केलेला.
काचेवरचं दव पुसून बसलोय,
लाल दिवे गेले की जायचेत
ते कळत नाही.